लेखनशिक्षण आणि विचारशिक्षण : पाचवी ते आठवी या इयत्तांच्या संदर्भात

पाचवी ते आठवी या इयत्तांच्या भाषाशिक्षणात निबंधाला पूर्वापार मानाचे स्थान आहे. ‘मी पाहिलेली जत्रा’, ‘माझा आवडता ऋतू’, ‘पाऊस पडला नाही तर’, ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’ हे विषय पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांची तयार उत्तरेही चालत आली आहेत. शिक्षक फळ्यावर मुद्दे लिहून देतात, किंवा विद्यार्थी मार्गदर्शिकेतून निबंध उतरवून घेतो. तो पाठ होतो आणि परीक्षेत जसाच्या तसा उमटतो. जत्रेला कधीही न गेलेला मुलगा जत्रेचे रसभरित वर्णन करतो, आणि दरवर्षी जत्रेला जाणारा मुलगाही स्वतः पाहिलेली जत्रा बाजूस सारून छापील जत्राच लिहितो. या दोघांपैकी दुसऱ्याचे नुकसान अधिक गंभीर मानावे लागेल. त्याच्यापाशी सामग्री होती. परंतु आपण पाहिलेले लिहिण्याच्या योग्यतेचे नसते, असा धडा त्याने, कोणी न शिकवताही, शाळेत घेतलेला असतो.

विचारशक्तीचा विकास हे शिक्षणाचे एक प्रमुख ध्येय आहे, हे तत्त्व सर्वमान्य आहे. तथापि व्यवहारात लेखन आणि विचार यांची फारकत केली जाते. विचार हा विज्ञान-गणिताचा विषय समजला जातो, आणि लेखन हा भाषेच्या तासिकेतील शुद्धलेखन, हस्ताक्षर व सुभाषितांची पेरणी यांचा विषय ठरतो. दहा ते चौदा या वयात या दोहोंचे शिक्षण वस्तुतः एकच आहे, आणि त्या शिक्षणाचा गाभा निबंधाच्या विषयात नसून पुनर्लेखनात आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. गेल्या काही दशकांतील संशोधनाचा या प्रतिपादनास आधार मिळतो. मात्र त्या संशोधनाच्या मर्यादाही ध्यानी घेणे आवश्यक आहे.

१. बोलणे आणि लिहिणे

वर्गात अखंड बडबड करणारा विद्यार्थी कोरा कागद पुढे येताच मुका होतो, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे. या घटनेची मर्मग्राही मीमांसा रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्की यांनी केली. त्यांचा ‘विचार आणि भाषा’ हा ग्रंथ १९३४ साली, त्यांच्या निधनानंतर त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. लेखी भाषा म्हणजे बोलीचे केवळ चिन्हांत केलेले रूपांतर नव्हे. ते भाषेचे एक स्वतंत्र कार्य आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. संभाषणात समोरचा मनुष्य प्रश्न विचारतो, भुवया उंचावतो, मान डोलावतो. बोलणाऱ्याच्या प्रत्येक वाक्याला तो पुढची चालना देतो. लेखनात हा श्रोता नाहीसा होतो. मुलाला अनुपस्थित वाचकाची कल्पना करावी लागते, त्याचे प्रश्न स्वतःच स्वतःला विचारावे लागतात, आणि बोलताना हावभावांनी व प्रसंगाने भरून निघणारा अर्थ शब्दांतच आणावा लागतो. म्हणून लेखनाची अडचण हाताच्या वळणाची नसून अमूर्तीकरणाची आहे.

या मीमांसेतून शिक्षकाने काढावयाचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. नाहीसा झालेला श्रोता मुलाच्या मनात निर्माण करणे हेच लेखनशिक्षणाचे पहिले कार्य होय. ‘वाचणाऱ्याला हे कळेल काय?’, ‘त्याला हे पटेल काय?’, ‘हे मला कशावरून ठाऊक?’ हे प्रश्न प्रथम शिक्षक विचारतो, मग शेजारी बसणारा सोबती विचारतो, आणि कालांतराने लिहिणारा स्वतःच विचारू लागतो. बाहेरचा संवाद आत जाणे, यालाच आपण विचार करणे म्हणतो. लेखनाचे आणि विचाराचे शिक्षण एकच असल्याचा अर्थ हाच आहे.

२. ज्ञानकथन आणि ज्ञानरूपांतर

टोरांटो येथे दीर्घकाळ संशोधन करणारे कार्ल बेरायटर आणि मार्लिन स्कार्डामालिया यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लेखनाचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. त्यांना मराठीत ‘ज्ञानकथन’ आणि ‘ज्ञानरूपांतर’ म्हणता येईल. ज्ञानकथनात विषयाचे नाव ऐकताच जे आठवते ते लिहिले जाते, आणि लिहिलेले वाक्य पुढच्या वाक्याची आठवण करून देते. उदाहरणार्थ, ‘आमच्या गावची नदी’ या विषयावर सहावीचा विद्यार्थी नदीचे नाव लिहितो, मग उगम, मग काठावरचे देऊळ, मग देवळातील उत्सव, मग उत्सवातील खेळणी. यातील एकही वाक्य चुकीचे नसते. पण वाक्यांचा क्रम बदलला किंवा मधली दोन वाक्ये गाळली, तरी लेखनाचे काही बिघडत नाही. आठवण संपली की निबंध संपतो, आणि शेवटी ‘अशी आहे आमच्या गावची नदी’ हे वाक्य येते.

ज्ञानकथन हा दोष नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. ती एक स्वाभाविक आणि सोयीची रीत आहे. शाळेतील बहुसंख्य प्रश्नांना ती पुरते, आणि म्हणूनच ती टिकून राहते. परंतु ती रीत ओलांडल्याशिवाय लेखन हे विचाराचे साधन होत नाही. ज्ञानरूपांतरात लिहिणाऱ्यापुढे दोन प्रकारचे प्रश्न एकाच वेळी उभे असतात : काय खरे आहे, हा एक, आणि ते वाचकापर्यंत कसे पोचवावे, हा दुसरा. त्याच विद्यार्थ्याने ‘ही नदी पूर्वी बारमाही होती’ असे वाक्य लिहिले आणि वाचकाला ते पटवून द्यावयाचे ठरवले, तर त्याला थांबावे लागते. ‘पूर्वी’ म्हणजे केव्हा? हे कोणी पाहिले? आजोबांनी सांगितले असल्यास शेजारचे आजोबाही तेच सांगतात काय? नदी आटण्याचे कारण पाऊस कमी झाला हे आहे, की काठावरील विहिरींचा उपसा वाढला हे आहे? वाक्य नीट करावयास बसलेला मुलगा येथे आपल्या माहितीची तपासणी करू लागतो. भाषेची अडचण विचाराची अडचण झाली, आणि तिचे उत्तर शोधताना त्याला पूर्वी ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक झाली.

याच संशोधकांच्या प्रयोगांतील एक निरीक्षण शिक्षकांस आश्वासक वाटेल. लेखन संपले असे मुलांनी सांगितल्यावर त्यांना केवळ ‘आणखी लिहा’ एवढीच सूचना दिली असता त्यांनी लक्षणीय प्रमाणात अधिक मजकूर लिहिला. सामग्री संपलेली नव्हती. ती बाहेर काढणारा श्रोता नव्हता. यावरून त्यांनी साहाय्याच्या काही साध्या पद्धती योजल्या. लिहिताना किंवा वाक्य तपासताना मुलांपुढे छोट्या चिठ्ठ्या ठेवल्या जात, आणि त्यांवर ‘हे लोकांना पटणार नाही’, ‘याचे महत्त्व वाचकाला कळणार नाही’ अशा आशयाचे शेरे असत. मूल योग्य शेरा निवडी आणि त्याप्रमाणे काय करावयाचे ते ठरवी. विचार काय करावा हे चिठ्ठी सांगत नाही. विचार कोठे करावा एवढेच ती दाखवते. फळ्यावर मुद्दे लिहून देण्यात आणि या साहाय्यात हाच मूलभूत भेद आहे.

लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी १९८१ साली मांडलेला सिद्धान्तही याच दिशेचा आहे. लिहिणाऱ्यांना मनातील विचार मोठ्याने बोलावयास लावून त्यांनी लेखनप्रक्रियेचा अभ्यास केला. योजना, शब्दांकन आणि फेरतपासणी या पायऱ्या एकापाठोपाठ एक येत नाहीत. प्रौढ लेखक त्यांच्यामध्ये पुनःपुन्हा ये-जा करतो, असे त्यांना आढळले. ‘आधी मुद्दे, मग कच्चा निबंध, मग पक्का निबंध’ या शालेय क्रमात ‘पक्का’ म्हणजे बहुधा सुंदर अक्षरात उतरवलेला कच्चाच निबंध असतो. त्यात ये-जा नसते, म्हणून विचारही नसतो.

३. व्याकरणाचे स्थान

स्टीव्ह ग्रॅहॅम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ साली चौथी ते बारावी या इयत्तांतील लेखनशिक्षणाच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात लेखनाची योजना, फेरतपासणी व दुरुस्ती यांच्या युक्ती प्रत्यक्ष शिकवण्याचा परिणामांक ०.८२, सारांशलेखनाचा ०.८२, सोबत्यांच्या साहाय्याने लिहिण्याचा ०.७५ आणि वाक्यसंयोगाच्या सरावाचा ०.५० असा आढळला. लेखनापासून तोडून केलेल्या व्याकरणशिक्षणाचा परिणामांक मात्र उणे ०.३२ होता. तुटक व्याकरणाने लेखन सुधारत नाही, असा निष्कर्ष त्याआधीच्या आढाव्यांतूनही, विशेषतः १९६३ आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यांतून, निघालेला होता.

हे आकडे जसेच्या तसे मराठीस लावणे धाडसाचे होईल. आढाव्यांतील प्रयोग प्रामुख्याने इंग्रजी लेखनाचे आहेत. मराठीची विभक्तिव्यवस्था, क्रियापदांची रूपे आणि लेखनाचे नियम निराळे आहेत. शिवाय त्यांतून ‘व्याकरण नको’ असा अर्थ काढणेही चूक ठरेल. वाक्यसंयोग हाही व्याकरणाचाच भाग आहे आणि त्याचा परिणाम अनुकूल आढळला, ही गोष्ट बोलकी आहे. वाक्याचे पृथक्करण करून प्रकार ओळखणे आणि दोन विधानांमधील संबंध ठरवून वाक्य घडवणे, या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीत नाव सांगावे लागते. दुसरीत निर्णय घ्यावा लागतो.

मराठीत या दुसऱ्या क्रियेसाठी विपुल साधने आहेत. ‘पावसाने ओढ दिली’ आणि ‘दुबार पेरणी करावी लागली’ ही दोन विधाने घेतली, तर ‘पावसाने ओढ दिल्यावर दुबार पेरणी करावी लागली’ यात कालक्रम आहे. ‘पावसाने ओढ दिल्यामुळे’ म्हणताच कार्यकारणसंबंध येतो. ‘पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणी करावी लागेल’ हे सशर्त अनुमान आहे. ‘पावसाने ओढ दिली तरी दुबार पेरणी करावी लागली नाही’ यात अपेक्षाभंग आहे, आणि तो लगेच ‘का?’ असा नवा प्रश्न निर्माण करतो. ‘-वर’ की ‘-मुळे’, हे ठरवताना विद्यार्थी व्याकरणाचा नव्हे तर शेतीचा विचार करत असतो. ज्याच्या लेखनात ‘आणि’ व ‘मग’ यांखेरीज जोडणारे शब्द नाहीत, त्याला जगातील घटना एकापुढे एक घडताना दिसतात. त्या एकमेकींमुळे घडतात हे त्याला जाणवत असले, तरी मांडता येत नाही. ‘म्हणून’, ‘जरी–तरी’, ‘ज्याअर्थी–त्याअर्थी’ हे शब्द म्हणजे केवळ उभयान्वयी अव्ययांची यादी नव्हे. ती विचाराची अवजारे आहेत.

४. एका पाठमालेचा नमुना

या तत्त्वांचे वर्गातील रूप कसे असू शकेल, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. सातवीच्या वर्गाला ‘पाण्याचे महत्त्व’ या विषयाऐवजी एक प्रश्न दिला आहे, असे समजू : ‘आपल्या शाळेत पाणी वाया जाते काय, आणि जात असल्यास कशामुळे?’ पाठमाला सहा तासिकांची आहे.

पहिल्या तासिकेत विद्यार्थी आपले मत चार ओळींत लिहितात. दुसरीपूर्वी ते मधल्या सुट्टीत नळापाशी उभे राहून नोंदी करतात. पाहिलेले आणि ऐकलेले वेगवेगळ्या रकान्यांत लिहावयाचे, एवढाच नियम असतो. दुसऱ्या तासिकेत नोंदींचे वर्गीकरण होते. तिसरीत प्रत्येक जण एक विधान, त्याचे कारण आणि त्यावर घेता येईल असा एक आक्षेप मांडतो. चौथीत मसुदा लिहिला जातो. वाचक निश्चित असतो, तो म्हणजे मुख्याध्यापक. पाचवीत जोडीतील सोबती मसुदा वाचून तीनच प्रश्न विचारतो : काय कळले नाही, काय पटले नाही, कशाबद्दल अधिक हवे आहे. सहावीत पुनर्लेखन होते, आणि शुद्धलेखनाची तपासणी सर्वांत शेवटी होते.

पहिल्या तासिकेतील चार ओळी बहुधा अशा असतील : ‘आमच्या शाळेत पाणी खूप वाया जाते. मुले नळ बंद करत नाहीत. पाणी म्हणजे जीवन आहे. सर्वांनी पाणी वाचवले पाहिजे.’ सहाव्या तासिकेतील लेखन असे होऊ शकते : ‘आम्ही तीन दिवस नळापाशी उभे राहिलो. बहुतेक मुलांनी नळ बंद केला. तरीही कोपऱ्यातला नळ गळतच होता. त्याखाली ठेवलेली एक लिटरची बाटली दहा मिनिटांत भरली. म्हणजे दिवसरात्रीत १४४ लिटर पाणी जाते. म्हणून मुलांना रागावण्याआधी त्या नळाचा वायसर बदलावा, असे आम्हांला वाटते.’

या दोन लेखनांतील अंतर शैलीचे नाही. दुसऱ्यात सुविचार गळून पडला आहे आणि त्याच्या जागी गुणाकार आला आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी, की पहिल्या लेखनात पुराव्याशिवाय दोषी ठरवलेली मुले दुसऱ्यात निर्दोष ठरली आहेत. आपले पहिले मत चुकीचे असू शकते, ते तपासता येते आणि तपासल्यावर बदलण्यात कमीपणा नसतो, हा अनुभव विद्यार्थ्याला लेखनातून मिळाला. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१० सालीच विचारप्रक्रियेचा आरंभ जाणवलेल्या अडचणीत असतो असे प्रतिपादिले होते. ‘पाण्याचे महत्त्व’ या विषयात कोणतीही अडचण नाही, म्हणून त्यावर विचारही संभवत नाही.

असे लेखन भाषेच्या तासिकेपुरते मर्यादित राहण्याचे कारण नाही. विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि गणित यांच्या अध्यापनात लेखनाचा उपयोग केल्यास त्या विषयांचे आकलन वाढते काय, याचा आढावा ग्रॅहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली ५६ प्रयोगांच्या आधारे घेतला. सरासरी परिणामांक ०.३० आढळला. हा परिणाम माफक आहे, परंतु अनुकूल आहे. ज्युडिथ लँगर आणि आर्थर ॲपलबी यांनी १९८७ साली दाखवून दिल्याप्रमाणे सर्व लेखनकार्यांचा परिणाम सारखा नसतो. छोट्या उत्तरांनी पुष्कळ माहितीवरून दृष्टी फिरते. विश्लेषणात्मक लेखनाने थोड्या मुद्द्यांचा विचार होतो, पण तो खोलवर होतो.

५. लाल शाईचा प्रश्न

या पद्धतीवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो दुर्लक्षणीय नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने सहावी ते आठवीसाठी पस्तीस विद्यार्थ्यांमागे किमान एक शिक्षक हे प्रमाण घालून दिले असले, तरी साठ विद्यार्थ्यांचे वर्ग दुर्मिळ नाहीत. एका वहीस पाच मिनिटे दिली, तरी साठ वह्यांस पाच तास लागतात. दोनदा मसुदा तपासावयाचा तर दहा. तेव्हा प्रत्येक मसुद्यातील प्रत्येक चूक शिक्षकाने दुरुस्त करावी, ही अपेक्षाच सोडली पाहिजे. एका वेळी एकच गोष्ट तपासावी : एकदा कारण दिले आहे काय, एकदा वाचकाला संदर्भ कळतो काय, एकदा ऱ्हस्व-दीर्घ. उरलेले काम सोबत्याच्या वाचनाने होऊ शकते, आणि ते केवळ श्रमविभागणीसाठी नव्हे; दुसऱ्याच्या लेखनातील उणीव दिसू लागली की स्वतःच्या लेखनातीलही दिसू लागते.

शुद्धलेखनाची तपासणी शेवटी ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणारी मुले, आणि त्याहूनही कोरकू, गोंडी, भिली या भाषांच्या घरांतून येणारी मुले, प्रमाण मराठीत लिहिताना दुहेरी ओझे वाहतात. पहिल्याच मसुद्यात घरचा शब्द लाल शाईने खोडला गेला, की मूल त्या शब्दाबरोबर तो अनुभवही खोडून टाकते आणि सुरक्षित अशा छापील वाक्यांकडे वळते. शासनाने १९६२ साली मान्य केलेले मराठी लेखनाचे नियम विद्यार्थ्यास आले पाहिजेत, यात दुमत नाही. प्रश्न फक्त ते केव्हा पुढे करावयाचे एवढाच आहे. विचार कागदावर उतरण्यापूर्वी पुढे केलेला नियम विचारालाच अडवतो.

६. मूल्यमापन

जेम्स ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील अकरा ते अठरा वयाच्या विद्यार्थ्यांचे सुमारे दोन हजार लेखननमुने तपासून १९७५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील जवळजवळ निम्मे लेखन परीक्षकाच्या भूमिकेतील शिक्षकासाठीच लिहिलेले होते. परीक्षक हा एक विलक्षण वाचक असतो. त्याला उत्तर आधीच ठाऊक असते, म्हणून त्याला काही समजावून सांगण्याची गरज नसते; ठाऊक असल्याचे फक्त दाखवावयाचे असते. अशा एकाच वाचकासाठी वर्षानुवर्षे लिहिणाऱ्याच्या मनात खरा वाचक निर्माण होत नाही.

आज या प्रश्नाला नवी धार आली आहे. २०२२ च्या अखेरीपासून सर्वांच्या हाती आलेली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कोणत्याही विषयावर निर्दोष निबंध क्षणार्धात लिहून देतात. वस्तुतः ती मार्गदर्शिकेचेच काम अधिक सफाईने करतात. तयार निबंधावरून विद्यार्थ्याच्या विचारशक्तीविषयी अनुमान काढणे पूर्वीही धोक्याचे होते. आता ते अशक्यप्राय झाले आहे. यावर उपाय बंदीचा नसून मूल्यमापनाचा विषय बदलण्याचा आहे. नोंदींची वही, पहिला मसुदा, सोबत्याचे प्रश्न, दुसरा मसुदा आणि ‘मी काय बदलले व का’ याचे दोन ओळींचे स्पष्टीकरण, हा सारा संच एकत्र पाहिला पाहिजे. गुण अंतिम वाक्याला नव्हे, तर पहिल्या व दुसऱ्या मसुद्यांमधील अंतराला मिळावेत.

समारोप

युरोपात मोंतेन यांनी १५८० साली आपल्या गद्यलेखनास ‘एसे’ म्हणजे ‘प्रयत्न’ हे नाव दिले. मराठीतील ‘निबंध’ या शब्दाच्या मुळाशी ‘बांधणे’ हा अर्थ आहे. शालेय लेखनास या दोन्ही अर्थांची आवश्यकता आहे : प्रथम चाचपडून पाहणे, आणि मग जे हाती लागले ते घट्ट बांधणे. प्रचलित पद्धतीत दुसऱ्याने बांधलेले गाठोडे विद्यार्थ्याच्या डोक्यावर दिले जाते आणि ते न सांडता परीक्षेपर्यंत नेल्याबद्दल त्याचे कौतुक होते.

मराठीच्या संदर्भात अभ्यासण्याजोगे प्रश्न पुष्कळ आहेत. ‘जरी–तरी’सारख्या रचना मुलांच्या बोलण्यात केव्हा येतात आणि लेखनात केव्हा, घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांचा पहिला मसुदा घरच्या भाषेत लिहू दिल्यास दुसऱ्या मसुद्यावर काय परिणाम होतो, सोबत्याचे तीन प्रश्न किती महिन्यांनी मुले स्वतःस विचारू लागतात. या प्रश्नांसाठी खर्चिक प्रयोगशाळा लागत नाही. एका वर्गाच्या वर्षभरातील पहिल्या आणि दुसऱ्या मसुद्यांचा नीट जपून ठेवलेला संग्रह पुरेसा आहे. मात्र तो मिळण्यासाठी प्रथम शाळांतून दुसरा मसुदा लिहिला गेला पाहिजे.